बसलेल्या माणसाचं जाकीट

साताऱ्यात पोवई नाक्यावर डिसेंबरातल्या सकाळी क्लासला निघालेली पोरं बघा. बऱ्याच जणांच्या अंगात एकाच घाटाचं जाकीट असतं: कमरेशीच संपणारं, चकाकत्या नायलॉनचं, गळ्याला, मनगटाला आणि कमरेला विणलेली रिब, पुढे जाडजूड चेन. डाव्या दंडावर एक एवढासा खिसा, त्यालाही चेन. सांगलीत हरभट रोडला, मारुती रोडला थंडी सुरू झाली की हेच जाकीट दुकानाबाहेर हँगरवर लटकतं. दुकानदार त्याला बॉम्बर म्हणतो, घरातली मोठी माणसं ‘मिलिटरीचं जाकीट’ म्हणून मोकळी होतात. दंडावरच्या त्या खिशात काय ठेवायचं, हे घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मोबाइल मावत नाही, पाकीट मावत नाही. कुणी त्यात सुट्टे पैसे ठेवतं आणि धुवायला टाकताना विसरतं.

या पुस्तकाची सुरुवात त्या खिशापासून केली तरी चालली असती. अमेरिकी हवाई दलाच्या नायलॉन जाकिटांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आणि त्यांच्या आजच्या नकला कशा ओळखायच्या, एवढाच त्याचा विषय आहे. विषय दूरदेशीचा वाटेल, पण लष्करी कपड्याची पारख आपल्या भागाला नवी नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं गाव; नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं ते उगाच नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. २००९ ते २०११ या काळात हवाई दलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक याच शाळेतले. इथल्या घराघरांत पलंगाखाली काळी लोखंडी ट्रंक असते आणि तिच्यात कुणाचा तरी ‘कोट पारका’ डांबराच्या गोळ्यांत पडलेला असतो. अशा घरातल्या निवृत्त हवालदारापुढे बाजारातलं बॉम्बर ठेवा. एकदा उलटंसुलटं करून तो सांगून टाकेल, “ह्ये आपल्यातलं न्हवं. बूड झाकत न्हाई, डोकं झाकत न्हाई. बर्फात घालून हुबं ऱ्हायचं म्हटलं तर काय कामाचं?”

त्याचं बरोबरच आहे, आणि ओळखीची पहिली किल्लीही त्यातच आहे. पायदळातला जवान उभा राहतो, चालतो, आडवा पडतो. त्याचा कोट मांड्यांपर्यंत लांब हवा. वैमानिक बसलेला असतो, तोही खांद्यावरून आणि मांडीवरून पट्टे आवळून, पॅराशूटच्या बंधांत अडकून. लांब कोट त्याच्या खाली गोळा होईल, म्हणून जाकीट कमरेशी संपतं. बसल्यावर सरळ खिशात हात जात नाही, म्हणून खिसे तिरके. छातीवर पट्टे आल्यामुळे वरचा खिसा निरुपयोगी, म्हणून पेन-पेन्सिल डाव्या दंडावर, उजव्या हाताला सहज सापडेल अशी. तो एवढासा खिसा नकाशावर खुणा करणाऱ्या माणसाच्या पेन्सिलींचा होता. हे बसलेल्या माणसाचं जाकीट आहे, एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या पानांतले निम्मे फरक पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. लेबलं आणि चेनी मोजणाऱ्या हौशी मंडळींशी माझा मतभेद आहे तो इथेच. ते खुणा सांगतात, खुणेमागचं काम सांगत नाहीत. आणि काम माहीत नसलं की नक्कल करणाऱ्याने खूण उचलली की आपण फसलोच.

नायलॉनच्या आधी चामडं होतं. अमेरिकेचं ए-२ हे तपकिरी चामडी जाकीट १९३१ पासूनचं. सिनेमात दिसतं ते बहुधा हेच, किंवा त्याचं नौदलातलं भावंड जी-१. देखणं, पण जड. ओलं झालं की आणखी जड, आणि त्याच ओल्या अंगाने वर गेलं की थंडीने ताठ. उंचीचा हिशेब साधा आहे: दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. साताऱ्याहून महाबळेश्वरला चढताना अंगावर येतो तोच फरक पुढे वाढवत न्या. दहा किलोमीटरवर पारा उणे पन्नासला टेकतो. १९४३ मध्ये अमेरिकेने ए-२ची खरेदी थांबवली आणि कापडी जाकिटं आणली. आधी बी-१०, मग १९४४ मध्ये बी-१५. बाहेरून सुती कापड, आत लोकरीची लव आणि मानेला मेंढीच्या केसाळ कातड्याची कॉलर. दंडावरचा पेन्सिलीचा खिसा आणि तिरके खिसे बी-१५वर आहेतच. म्हणजे आज पोवई नाक्यावर दिसणाऱ्या जाकिटाचा सांगाडा तेव्हाच उभा राहिला होता. राहिलं होतं फक्त कापड.

नायलॉन १९३५ मध्ये ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली तयार झालं. १९४० मध्ये त्याचे बायकांचे पायमोजे अमेरिकेच्या दुकानांत आले आणि लगेचच युद्धाने ते सगळं उचललं. अमेरिकेचं रेशीम मुख्यतः जपानहून यायचं. युद्धाने ती वाट बंद केली आणि पॅराशूटं नायलॉनची शिवली जाऊ लागली. आपल्याकडचे कापडवाले अजूनही कुठल्याही पातळ, सळसळणाऱ्या कापडाला ‘पॅराशूट मटेरियल’ म्हणतात. ते कापड बहुधा पॉलिस्टरचा टपेटा असतो, पण नावात एवढा इतिहास शिल्लक आहे. जपानचं रेशीम गेलं म्हणून जे नायलॉन पुढे आलं, त्याच्या जाकिटांच्या सर्वांत काटेकोर नकला आज जपानमध्येच होतात. त्याकडे पुढे येऊच.

युद्ध संपलं, १९४७ च्या सप्टेंबरात अमेरिकी हवाई दल भूदलापासून वेगळं झालं आणि नव्या दलाला स्वतःचा रंग हवासा वाटला. म्हणून बी-१५सी आणि हलकं एल-२ए ही निळी. दिसायला फार सुरेख, आणि जुन्या मालाच्या बाजारात दुर्मीळ म्हणून महाग, कारण ती फार वर्षं टिकली नाहीत. कोरियाचं युद्ध चालू झालं. शत्रूच्या मुलखात उतरावं लागलेल्या माणसाला निळं अंग लपवता येत नाही. मग करडी झाक असलेला सेज हिरवा आला: बी-१५डी आणि एल-२बी. तोच हिरवा आज आपण या जाकिटाचा ‘मूळ’ रंग समजतो.

आता कॉलर. जेट विमानाच्या चिंचोळ्या जागेत, शिरस्त्राण आणि पॅराशूटचे पट्टे यांच्या मधोमध ती केसाळ कॉलर अडचण करत होती. विणलेल्या रिबची कॉलर आली आणि तिच्याबरोबर एमए-१, म्हणजे ज्याची नक्कल आपल्या बाजारात लटकलेली असते ते. पण सरकारी खातं कुठलंही असो, शिल्लक माल फेकत नाही. जुन्या बी-१५च्या केसाळ कॉलरी उसवून तिथे रिब बसवली गेली, लेबल मात्र तेच राहिलं. अशी ‘सुधारित’ बी-१५ जाकिटं पारखणाऱ्याला हमखास चकवतात: अंग बी-१५चं, गळा एमए-१चा. इथे कॉलरच्या शिलाईकडे बघावं लागतं. मुळातच रिबची असलेली कॉलर अस्तराबरोबर एका दमात बसवलेली असते. नंतर बसवलेलीला गळ्याशी दुसऱ्या हाताचा टाका असतो, आणि कधी उसवलेल्या जुन्या शिलाईची भोकंही दिसतात. आपल्याकडच्या कुठल्याही ऑल्टरेशनवाल्याला ते दाखवा, तो क्षणात सांगेल.

एमए-१च्या तपशिलाचा सरकारी क्रमांक मिल-जे-८२७९. कापड, रिब, चेन, टाके, सगळं त्यात बांधलेलं. तपशील बदलला की क्रमांकापुढे एक अक्षर लागायचं. ए पासून एफ पर्यंत मजल गेली. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग या अक्षरांना दिला आहे आणि ते योग्यच आहे, कारण बाहेरून ही सगळी जाकिटं सारखीच वाटतात. फरक आत आहे. सुरुवातीच्या जाकिटांचं अस्तरही हिरवंच होतं. १९६० च्या सुमारास ते भडक नारिंगी झालं, आणि जाकीट उलटं करून घालता येऊ लागलं. विमान पडलं आणि आपली माणसं शोधत फिरताहेत असं कळलं की जाकीट उलटायचं, म्हणजे वरून दिसेल. लपायला हिरवी बाजू, सापडायला नारिंगी. आत भरलेली लोकरीची लव जाऊन पुढे पॉलिस्टरचं वॅडिंग आलं; वजन आणि फुगीरपणा त्याप्रमाणे बदलला.

आणि पट्ट्या. जुन्या एमए-१च्या छातीवर चेनजवळ एक जाड पट्टी असते. ऑक्सिजनच्या नळीचा चिमटा तिला अडकवायचा. त्याशिवाय कानातल्या हेडफोनची तार लोंबकळू नये म्हणून छोट्या पट्ट्या. विमानातली सामग्री बदलली तशा या पट्ट्या निघून गेल्या, म्हणजे शेवटच्या अक्षरांच्या खऱ्या जाकिटाला त्या असणारच नाहीत. इथे बाजार गंमत करतो. सांगलीत विकत घेतलेलं एक जाकीट मी हे लिहिताना टेबलावर पसरून बसलो आहे. अस्तर नारिंगी, म्हणजे साठच्या दशकापुढचं. छातीवर ऑक्सिजनची पट्टी, म्हणजे त्याआधीची वाटावी. पण पट्टी चारही बाजूंनी टाके घालून दाबून टाकलेली. चिमटा सोडा, तिच्याखाली नखही जात नाही. दंडावरच्या खिशावर पेनं खोवायच्या उभ्या घड्या नाहीत, सपाट चौकोन आहे. टिचबटणं एवढी हलकी की झाकण वाऱ्याने उघडेल. चेन प्लॅस्टिकची, रनरला लाल फीत. ‘रिमूव्ह बिफोर फ्लाइट’ असं लिहिलेली ही फीत विमान जमिनीवर उभं असताना लावायच्या खिळांना असते, उड्डाणाआधी काढायची असते आणि वैमानिकाच्या कपड्याशी तिचा काही संबंध नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीने आपल्या नागरी मालावर ती लावली आणि जगभरच्या नकलांनी उचलली.

ती कंपनी म्हणजे अल्फा इंडस्ट्रीज. १९५९ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल इथे सुरू झाली आणि सरकारी कंत्राटांवर वाढली. एमए-१ शिवणारी ती एकटी नव्हती. कंत्राट बदललं की शिवणारा बदलायचा, चेन पुरवणाराही बदलायचा. टॅलन, कॉनमार, स्कोव्हिल ही नावं रनरवर सापडतात. लेबलावरच्या कंत्राटाच्या क्रमांकातून सालही काढता येतं. डिफेन्स सप्लाय एजन्सी १९६१ मध्ये स्थापन झाली आणि १९७७ पासून तिचं नाव डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी झालं. म्हणून क्रमांकाच्या आधी डीएसए असेल तर जाकीट या दोन सालांमधलं, डीएलए असेल तर नंतरचं. डीएसए-१०० नंतरचे दोन आकडे आर्थिक वर्षाचे: ६८ असेल तर १९६८. त्यांचं आर्थिक वर्ष तेव्हा जुलैत सुरू व्हायचं, त्यामुळे कंत्राट १९६७ च्या उत्तरार्धातलंही असू शकतं.

पण लेबल हा पुरावा कितपत मानायचा? विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर सोनं-चांदी आटवून देतात. दागिन्यावरचा शिक्का बघून ते दर सांगत नाहीत, मूस तापवून सांगतात. जाकिटालाही तीच शिस्त लावावी. कारण लेबल छापायला सोपं असतं, आणि चांगली नक्कल करणारे जुनं कंत्राटही जसंच्या तसं छापतात. त्यात फसवण्याचा हेतू असतोच असं नाही. जपानची बझ रिक्सन्स ही १९९३ पासूनची नाममुद्रा अशी लेबलं उघडपणे बनवते, आणि किंमतही लपवत नाही. तिचं नाव ‘द वॉर लव्हर’ या १९६२ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने केलेल्या वैमानिकाचं. धागा, रिबची वीण, चेनीचं वजन, सगळं जुन्या मालावरून मोजून घेतलेलं. मूळ जाकीट एका माणसाला काही वर्षं गरम ठेवायला शिवलं होतं. ही नक्कल भिंगाखाली बघायला शिवलेली असते. ही मंडळी मूळ शिवणाऱ्यापेक्षाही नेटकी शिलाई करतात, आणि कधी कधी तीच खूण ठरते! युद्धकाळातल्या कंत्राटी शिंप्याचा टाका इतका सरळ नसायचा.

काळ्या एमए-१ची गोष्ट तर उलटीच आहे. विल्यम गिब्सन यांच्या २००३ च्या ‘पॅटर्न रेकग्निशन’ या कादंबरीतली नायिका बझ रिक्सन्सचं काळं एमए-१ घालते. कंपनी तेव्हा काळं जाकीट करतच नव्हती. वाचक विचारू लागले, आणि कंपनीने ते बनवलं. वैमानिकांना सेज हिरवं मिळायचं, काळं नव्हे. आपल्या बाजारात सर्वाधिक खपतो तो काळाच. मळ दिसत नाही हे कारण पुरेसं आहे, त्याला इतिहासाची गरज नाही.

बाकीच्या भावंडांची ओळख झटकन करून घेता येते. खांद्यावर शिवलेली पट्टी असेल आणि आत भरणी नसेल तर ते एल-२बी. केसाळ झालर लावलेली टोपी आणि आखूड अंग असेल तर एन-२बी. तीच टोपी पण मांडीपर्यंत लांब असेल तर एन-३बी. हे शेवटचं आपल्या हवालदाराला पसंत पडेल. रिब कॉलर जाऊन कापडाची दुमडलेली कॉलर आणि पोटावर दोन मोठे झाकणाचे खिसे दिसले तर ते एमए-१ नव्हेच, ते सीडब्ल्यूयू-४५/पी. दुकानात मात्र हेही बॉम्बरच.

ते का आलं, हे सांगितलं पाहिजे, कारण नायलॉनच्या कौतुकात ते झाकलं जातं. नायलॉन पेटतं, त्याआधी वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. विमानाला आग लागल्यावर बाहेर पडता आलेल्या माणसाला आपल्याच जाकिटाने भाजावं, हे परवडणारं नव्हतं. ड्यू पाँटनेच साठच्या दशकात आणलेल्या नोमेक्स या न वितळणाऱ्या धाग्याचं सीडब्ल्यूयू जाकीट सत्तरच्या दशकात वैमानिकांच्या अंगावर आलं आणि नायलॉनचं एमए-१ विमानातून उतरलं. आज ते जिवंत आहे ते जमिनीवरच्या माणसांमुळे.

त्यात आपण आलोच. सातारा-सांगली पट्ट्यात हे जाकीट खरं तर दुचाकीस्वाराचं आहे, आणि तोही बसलेलाच असतो. म्हणून ते त्याला इतकं जमतं: टाकीवर वाकलं तरी पोटाशी चुरगळत नाही, मनगटाच्या रिबमधून वारा घुसत नाही, तिरक्या खिशात किल्ली सापडते. अडतं ते दोन जागी. रिबची कॉलर बुटकी, त्यामुळे गळा उघडा पडतो आणि मफलर लागतोच. वैमानिकाच्या पाठीला खुर्ची होती, स्वाराच्या पाठीला काही नाही. त्यामुळे मागून जाकीट वर सरकतं आणि कंबर गारठते. शिवाय घसरून पडलात तर नायलॉन रस्त्यावर घासून तापतं, म्हणून घाटात जाणाऱ्याने याच्यावर भिस्त ठेवू नये. अमेरिकी हवाई दलाने कपड्यांची वाटणी तापमानावरून केली होती: एमए-१ उणे १० ते १० अंशांसाठी, एल-२बी १० ते ३० अंशांसाठी. साताऱ्याचा पारा ऐन थंडीतही क्वचितच दहाच्या खाली जातो, सांगलीचं तर नावच नको. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने आपल्याला हवं ते खांद्यावर पट्टी असलेलं बिनभरणीचं एल-२बी. तरी सगळे घेतात एमए-१, आणि अकरा वाजता काढून कमरेला बांधतात.

भारतीय हवाई दलाची जाकिटं या पुस्तकात नाहीत. १९४८ च्या व्हँपायरपासून आपले वैमानिक जेट उडवताहेत, त्यांच्या कपड्यांना स्वतंत्र पुस्तकच हवं. त्यासाठी लागणारा ऐवज सरकारी दप्तरापेक्षा घरांतल्या ट्रंकांत जास्त असावा. तेव्हा कुणाच्या घरी हवाई दलातल्या आजोबांचं किंवा मामांचं जाकीट निघालं, तर एवढंच करा: धुवायला टाकण्याआधी खिसे तपासा, चेनीच्या रनरवरचं नाव वाचा, अस्तराच्या रंगासकट फोटो काढा. आणि मानेला टोचतं म्हणून आतलं लेबल कातरू नका. कातरायचंच झालं तर दंडावरच्या त्या खिशात ठेवून द्या. तेवढं त्यात मावतं.